टीनी-वीनी नव्हतं ते, मामा

कणूमामा, तुझ्या डोक्यावरची जखम माझ्या वितीएवढी होती. मी माप घेतलं म्हणून सांगते. साताऱ्यातल्या माझ्या घरी स्वयंपाकघराच्या दारात तू पाटावर बसून चहा पीत होतास आणि मी तुझा पटका सोडत होते. वरचे फेरे पांढरे होते. आतले तपकिरी, मग काळे, आणि शेवटचा केसांत रुतून बसलेला. तो ओढला तेव्हासुद्धा तुझ्या हातातली बशी हलली नाही. तू म्हणालास, "टीनी-वीनी लागलंय गं. च्या गार हुतोय, तू बी घी."

टीनी-वीनी. मामा, आत हाड दिसत होतं.

तुझे दिवस परवा घातले. आल्यागेल्यांची वर्दळ संपली आणि मी लिहायला बसले, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तू तुझी बाजू मांडून निघून गेलास, आणि मला कुणाशी वाद घालायची सवय नाही. वाद घालायचे ते फक्त तुझ्याशी.

भांडण एवढंच होतं, की मोठ्या गोष्टीला लहान शब्द का लावायचा. तुमच्यात मेंढरं मोजत नाहीत. कुणी विचारलं किती हाईत, तर म्हणायचं, हाईत उलीशी. कोकरू टणटणीत जन्मलं तर म्हणायचं, हाय काय त्यात, मूठभर जीव. आकडा सांगितला, कौतुक केलं, की नजर लागते आणि कळपात मर येते. तुझ्याआधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आजीनं तुझं नावच कणू ठेवलं. कणाएवढा, कुणाच्या डोळ्यात न भरणारा. पुढं तू आटपाडीच्या बाजारात कुठूनही दिसणारा, कुठल्याही चौकटीला डोकं आपटणारा गडी झालास. नाव कणूच राहिलं.

मग तू फौजेत गेलास. एका मेजरसाहेबांच्या बंगल्यावर मदतनीस असताना त्यांच्या चिमुरड्या मुलीकडून तू हे इंग्रजी शब्द उचललेस. मुंगी दिसली की ती म्हणायची टीनी-वीनी. बाहुलीचा बूट इट्टी-बिट्टी. तिच्या आईकडून तुला मिळालं स्मिजन, म्हणजे भाजीत टाकायचं उगीच एवढंसं मीठ. पेन्शनीत आलास तेव्हा ट्रंकेत घोंगडं, दाढीचं सामान आणि तोंडात हे शब्द. लगेच मेंढरांना लावून टाकलेस.

मी हसले होते. तू गंभीर होतास. "उलीसं म्हनलं की आता नजरंला समजतंय गं," तू म्हणालास. "पिढ्यान् पिढ्या ऐकती ती. धनगर उलीसं म्हनला की ती वळखती, लय दिसत्यात. इंग्रजी अजून आलं न्हाई तिला."

चुलीपुढून मामी म्हणाली होती, "नजरंला येत न्हाई आन् तुमास्नी येतंय व्हय? आवं, मेंढरांम्होरं तरी साहेब हुऊ नगा."

आई गेल्यावर माझं माहेर म्हणजे तुझं पाल. दिवाळीनंतर तुम्ही आटपाडीकडून म्हसवडवरून पश्चिमेला कृष्णाकाठी उतरायचात, आणि मी सुट्टी काढून जिथं तळ असेल तिथं यायचे. एरवी तुझा फोन. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर, समोर पुस्तकं मागायला आलेली मुलं, आणि कानाला तू. मागं मेंढरांचा गलका. "ए टीनी, नवा शबुद दे." मला तू टीनीच म्हणायचास, कारण मी सातव्या महिन्यात जन्मले आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणं तुझ्या पटक्यात मावत होते. मी जाड शब्दकोश उघडायचे. टॅड. टीन्सी. वी. कधी तुला पटायचा, कधी नाही. पिंट-साइझ सांगितला तर म्हणालास, "पिंट? ते फौजेच्या कँटीनचं माप हाय. मेंढरं दारू पित्यात व्हय?" पीनट सांगितला तर, "शेंगदाना? मागनं बकरी येऊन खाऊन जाईल नावासकट."

पण नवा शब्द तू उगीच मागायचा नाहीस. जुना बाटला की मागायचास. काहीतरी मेलं की. म्हणून तुझा फोन आला की मला आधी हसू यायचं आणि मग मी विचारायचे, काय गेलं?

इट्टी-बिट्टी तुझा टक्करीचा एडका. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. जत्रेतलं मैदान, रिंगण, माणसावर माणूस. समोरच्या एडक्याचं नाव पुकारणाऱ्यानं तुफान असं सांगितलं, मग तुझ्या एडक्याचं नाव घेतलं आणि अख्खं रिंगण हसलं. दोन्ही एडके मागं मागं सरकले, धावले, आणि जो आवाज झाला तो मला अजून दाढेत जाणवतो. दगडावर दगड नव्हे. आतून पोकळ असलेल्या कशावर तरी दगड. असं कितीतरी वेळा. शेवटी तुफानचं शिंग मुळातून निघून मातीत पडलं आणि रक्ताची चिळकांडी पहिल्या रांगेतल्या माणसांच्या सदऱ्यांवर गेली. माणसं शिट्ट्या मारत होती.

तुफानचा मालक रिंगणात उतरला. "असलं नाव सांगून फसवलंस! मला वाटलं बारकं जनावर हाय!"

तू म्हणालास, "मग नाव त्यासाठीच असतंय की रं गड्या."

त्यानं तुझ्या नाकावर ठोसा मारला. तुझ्या मिशा लाल झाल्या. तू त्याला उचलून आपटू शकत होतास, रिंगण त्याचीच वाट बघत होतं. तू त्याच्या बाजूनं निघून गेलास, त्याच्या एडक्याचं डोकं मांडीवर घेतलंस आणि चुलीतली राख मागवून शिंगाच्या खड्ड्यात दाबून धरलीस. एडका पाय झाडत होता, तुझं नाक त्याच्यावर गळत होतं. त्यानंतर तू एकही जनावर टक्करीला उतरवलं नाहीस. मी का विचारलं तेव्हा म्हणालास, "उलीसा कंटाळा आला."

त्या दिवशी मला कळायला हवं होतं, की जनावर मार खात असलं की तू मधे पडणार.

लांडग्याची सकाळ मला विसरता येत नाही. धुकं होतं. मी तळावर आले होते आणि मामीच्या किंचाळण्यानं उठले. वाघरीत, म्हणजे कोकरांभोवती लावायच्या त्या जाळीत, लोकर अडकली होती, आणि आत कोकरं अर्धी अर्धी पडली होती. काहींना गळा नव्हता. एक जिवंत होतं, त्याचं पोट उघडं होतं आणि ते उभं राहायचा प्रयत्न करत होतं. तू त्याच्या डोळ्यावर हात ठेवलास आणि दुसऱ्या हातानं जे करायचं ते केलंस. मग गोणपाट घेऊन सगळं गोळा केलंस. पलीकडच्या तळावरचा माणूस धावत आला, "कणूदा, किती गेली?"

"उलीशी."

तो गेल्यावर तू बाभळीमागं जाऊन ओकलास. तोंड धुऊन माझ्यापुढं येऊन उभा राहिलास. हाताला अजून रक्त होतं. "टीनी, नवा शबुद दे. टीन्सी ऐकला लांडग्यानं."

मी चिडले. पहिल्यांदा तुझ्यावर ओरडले. म्हटलं, "शब्दानं काही होत नाही, मामा! लांडग्याला इंग्रजी येत नाही आणि मराठीही येत नाही. गेली तर गेली म्हण ना! ढिगानं गेली म्हण. रड. खोटं कशाला बोलतोस?"

तू दगडावर बसलास. "खोटं न्हाई गं ते. नुसतं ल्हान म्हनलं तर खोटं. साहेबाची पोरगी मुंगीला बोलायची तसं म्हनलं, तर ते लाडाचं. लाडाला माप नसतं."

"मग आपले शब्द काय वाईट आहेत? इवलुसं, एवढुसं, चिटुकलं, पिटुकलं. हेही लाडाचेच."

"हाईत की. पर ते माझ्या आईनं वापरले. माझ्या आधीच्या लेकरांवर. त्यांनी कुठं वाचवलं?"

मी तुला वी हा शब्द दिला. तू तो पुन्हा पुन्हा घोळवलास, वी, वी, वी, आणि म्हणालास, ह्यो चांगला हाय, कोकराच्या आवाजासारखा.

आता हे शेवटचं. मी तिथं नव्हते, मामीनं सांगितलं तसं लिहिते.

ऊस तुटून गेलेल्या एका रानात तुमचा तळ होता. रानमालकानं मेंढरं बसवायला बोलावलं होतं, लेंडीखतासाठी. दुपार होती. बांधापलीकडच्या शेतात खोडव्याला पाणी चाललं होतं, तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून हिरवे कोंब नुकते वर आले होते. तुझी गाभण मेंढी बांध ओलांडून गेली. चार-दोन कोंब खाल्ले असतील. पाणी पाजणारा तरणा माणूस खोरं घेऊन धावला आणि मेंढीच्या पाठीत दांडा घातला. ती बसली. त्यानं पुन्हा उचलला. तू ओरडत गेलास, "आरं गाभन हाय, गाभन हाय रं!" आणि तिच्यावर पालथा पडलास.

पुढचे दोन तुला बसले. पहिला खांद्यावर. दुसऱ्या वेळी खोरं हातात फिरलं आणि दांड्याऐवजी लोखंडाची कड लागली. मामी म्हणते, आवाज एडक्यांच्या टकरीसारखा आला. त्यानं खोरं टाकलं आणि तो पळाला. त्याची आई तांब्या घेऊन पळत आली, तुझं डोकं तिनं धुतलं, धुता धुता स्वतःच्या पोराला शिव्या देत होती आणि रडत होती. तू त्या माउलीला काय म्हणालास ते मामीनं दोनदा सांगितलं. "उगी रडू नगा. मुंगी चावल्यागत झालंय."

आणि मग दवाखान्यात न जाता तू पटका बांधून मेंढरं वळवलीस. दुसऱ्या दिवशी एसटीनं माझ्याकडं आलास, एकटा, चहा प्यायला. मी तुला नेलं त्या रुग्णालयात पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा तू त्यालाही तेच ऐकवलंस. "बारीकशी झोंबाझोंबी, सायेब. लिवून काय करता?" तो गेल्यावर तू माझा हात धरलास. तुझी बोटं गार होती आणि एक डोळा नीट उघडत नव्हता. "वाढवू नगंस, टीनी. पुढल्या साली आपल्या सगळ्यांची मेंढरं त्याच वाटंनं जायाची हाईत. त्या शिवारानं वाट बंद केली, तर भाऊबंद कुठं जातील?"

डोक्यात आत रक्त साचलं होतं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. त्याच रात्री तुझी शुद्ध हरपली, ती परत आली नाही.

मामा, मी तुझ्यावर रागावले आहे. मेंढराला टीनी-वीनी म्हण, एडक्याला म्हण, मला म्हण. जखमेचा कसला लाड करत होतास? तू तिला कोकरागत गोंजारत बसलास आणि ती आतून तुला खात होती.

दिवस व्हायच्या आधी त्या गावाकडून दोन माणसं पालावर आली. एक म्हातारे सुभेदार, फौजेतूनच निवृत्त. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"कणू फौजी मानूस, समजूतदार," ते म्हणाले. "त्यानं सोताच जबाबात बारीक झोंबाझोंबी म्हनलंय. आता तुमी दोघींनी फकस्त एवढं म्हना, की बांधावरनं पाय घसरला. त्या पोराचं लेकरू अजून अंगावर पितंय. आन् मेंढरांची काळजी नगं. आमच्या सगळ्या शिवारात तुमचीच बसवू."

"आणि नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

ते खाली बघत म्हणाले, "मग लोक ऐकायचे न्हाईत, ताई. कुनाचीच मेंढरं उतरू द्यायचे न्हाईत. धमकी न्हाई देत. हाय ते सांगतो."

तुझ्या पुतण्यांचे फोन आलेच होते. काकी, गप बसा, आमी कुठं जायाचं. तू वाढवू नकोस म्हणाला होतास, आणि तुझं बोलणं आणि त्यांचं बोलणं यांत मला फरक सापडत नव्हता. तुझेच लहान शब्द त्यांनी उचलून आणले होते. तुझ्या तोंडात ते लाडाचे होते. त्यांच्या तोंडात ते तुझ्यावर माती लोटत होते.

मामी चहा गाळत होती. गाळणं बाजूला ठेवून ती म्हणाली, "सुभेदारसाहेब, वाईच त्या घरातलं खोरं आनता का?"

"खोरं? कशाला, वैनी?"

"बघायचंय मला. केवढं बारीक हाय ते."

सुभेदारांनी कप खाली ठेवला. जाताना त्यांनी मामीला हात जोडले, आणि त्यात रागही होता आणि शरमही होती, मला दोन्ही दिसलं.

ते गेल्यावर मी तिला म्हटलं, "मामी, मामा वाढवू नकोस म्हणाला होता."

"मला बी म्हनलं व्हते. जलमभर म्हनत आले." तिनं उरलेला चहा राखेत ओतला. "मी कुठं वाढवती? हाय तेवढं सांगती."

ती मेंढी जगली. तुझ्या अंगाखाली होती ना. तुझ्या दिवसांच्या आदल्या सकाळी ती व्याली. कोकरू चांगलं आहे. किती चांगलं, ते लिहीत नाही.

काल आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. टेबलापलीकडं हवालदार संगणकावर टाइप करत होता. तरुण होता, बोली आपल्याच भागाची. "जखम केवढी व्हती?" त्यानं मला विचारलं. मी हात टेबलावर ठेवला, बोटं ताणली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं आणि त्याचं टाइप करणं थांबलं.

"मारलं कसं?"

मामी उठली. पदर खोचला. दोन्ही हात डोक्यावर नेले, रिकाम्या मुठी घट्ट मिटल्या, आणि सगळं अंग घालून खाली आणल्या. हवालदाराची खुर्ची मागं सरकली. "असं मेंढीला," ती म्हणाली. पुन्हा मुठी वर गेल्या. "असं त्यांच्या खांद्यात. आन् मग असं." तिसऱ्या वेळी तिच्या बांगड्या, तू गेलास तेव्हा तिनं कुणाला फोडू न दिलेल्या, टेबलावर फुटल्या. शेजारच्या खोलीतले लोक दाराशी आले. मामीच्या मनगटातून रक्त येत होतं. ती ते पुसत नव्हती. इतकी वर्षं तुझ्या पालात राहून मी तिचं बळ बघितलं नव्हतं.

हवालदारानं पाणी मागवलं. सगळं लिहून घेतलं, काहीही बारीक केलं नाही. त्या पोराचं काय होईल मला माहीत नाही. दिवाळीनंतर तुझे पुतणे मेंढरं घेऊन कुठं उतरतील तेही माहीत नाही. वाट बंद झाली तर ती आमच्यामुळं झाली असं ते म्हणतील, आणि खोटं म्हणणार नाहीत. हे ओझं तू आम्हाला देऊ इच्छित नव्हतास, म्हणून डोक्यावर पटका बांधून हिंडलास. तेवढ्यासाठी मी तुझे पाय धरते. पण ओझं आम्ही उचललं, मामा.

शेवटी हवालदार म्हणाला, "आन् मेंढरं किती व्हती तळावर?"

मामीनं माझ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं. "हाईत उलीशी."

"आवं मावशी, उलीशी म्हंजी किती? हितं आकडा टाकाय लागतोय."

मामीनं फुटक्या बांगड्यांचा हात पदराखाली घेतला, ताठ बसली, आणि तुझ्या त्या साहेबी शब्दांना आयुष्यभर हिणवणारी ती बाई अगदी तुझ्याच आवाजात म्हणाली, "इट्टी-बिट्टी, सायेब."

हवालदार गोंधळला. मग माझ्या गळ्यातल्या कॉलेजच्या ओळखपत्राकडं त्याची नजर गेली. "मॅडम, तुमी शिकलेल्या दिसता. म्हंजी किती ते?"

मामा, शब्दांचे अर्थ शोधून देणं ही माझी नोकरी आहे. मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मला तेवढं इंग्रजी येत नाही."